संशोधनाची सोयीची तुकडी

पापलेटला महाराष्ट्राच्या 'राज्य माशा'चा मान मिळाला तो सप्टेंबर 2023 मध्ये. मागणी सातपाटीच्या मच्छीमारांची, घोषणा मंत्र्यांची आणि कौतुक सगळ्यांचे. मान द्यायला तिजोरीतून काही जात नाही, म्हणून तो चटकन मिळतो. त्याच वर्षी सरकारने आणखी एक कागद काढला होता. त्याचे मात्र कुणी पेढे वाटले नाहीत. समुद्रातल्या 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार त्यात ठरवून दिला आहे. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370, घोळ 700. त्याहून लहान मासा जाळ्यात येता कामा नये.

हे आकडे मंत्रालयातल्या कुणाच्या डोक्यातून आलेले नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राने वर्षानुवर्षे बंदरांवर बसून मासे मोजले, पोटे फाडून गाभोळी तपासली, कोणती मादी कोणत्या लांबीला अंडी धरते ते लिहून ठेवले आणि त्यातून ही शिफारस झाली. याच कामाला वाहिलेले एक अख्खे विद्यापीठ मुंबईत आहे, हे वसईत फार जणांना ठाऊक नसते. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 मध्ये सुरू झाली आणि 1989 पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. वसईच्या पाचूबंदरहून सरळ रेषेत पाहिले तर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे विद्यापीठातले संशोधन आमच्यापर्यंत पोचत नाही ही तक्रार करताना अंतराचे निमित्त वसईला तरी सांगता येणार नाही.

या संशोधनातली एक बातमी तर खुद्द पापलेटच्या ओळखीचीच आहे. आपल्याकडचा पापलेट शास्त्राच्या पुस्तकात कैक वर्षे 'पॅम्पस अर्जेंटियस' म्हणून नांदला. पूर्वेकडे चीनच्या समुद्रापासून पश्चिमेकडे इराणच्या आखातापर्यंत सगळीकडे एकच जात, असा समज होता. 2019च्या सुमारास भारतीय संशोधकांनी डीएनए, मणके आणि कल्ल्यांची रचना ताडून पाहिली, तेव्हा उत्तर हिंदी महासागरातला पापलेट वेगळाच निघाला. आज 'पॅम्पस कँडिडस' म्हणतात त्यातले 'कँडिडस' हे नाव क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1829 मध्ये त्याला दिले होते. ते नाव मधल्या काळात अडगळीत पडले होते, ते पुन्हा बाहेर काढावे लागले. यात धक्क्यावरच्या माणसाला काय, असे कुणी म्हणेल. त्याला बरेच काही आहे. मासा किती वेगाने वाढतो, कधी वयात येतो, किती पकडला तर पुरून उरतो, या हिशेबात जिथे जिथे चिनी किनाऱ्यावरचे आकडे उसने घेतले असतील, तिथे तिथे ते दुसऱ्याच माशाचे आकडे ठरतात. आपल्या पापलेटचा हिशेब आपल्याच बंदरांवर, नव्याने मांडायला हवा. तो वसई, अर्नाळा, सातपाटी, डहाणू इथेच मांडता येईल, कारण पापलेट इथला आहे.

आणि हिशेब काही अवघड नाही. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होते, हा शाळेतल्या घनफळाचाच नियम. आज तळहाताएवढा धरलेला पापलेट दुप्पट लांबीचा झाल्यावर धरला असता, तर वजन आठपट मिळाले असते. वर भाव किलोमागे चढतो तो निराळाच, कारण मोठ्या पापलेटला जो दर येतो तो वाट्यात टाकलेल्या चिल्लर पापलेटला कधीच येत नाही. वाढतानाचे काही मासे मरतात, काही इतरांच्या जाळ्यात जातात, हे सगळे वजा केले तरी हा व्यवहार तोट्याचा आहे हे कळायला पीएचडी लागत नाही. तरीही तो दर हंगामात होतो. का होतो, याचे उत्तर वसईत शोधायचे तर डोलीपर्यंत जावे लागते.

डोल म्हणजे लांबलचक शंकूसारखे जाळे. समुद्रात ठरलेल्या जागी, म्हणजे कवीवर, खुंट मारून, त्याला बांधून, तोंड प्रवाहाकडे करून ते लावतात. भरती-ओहोटीची ओढ जे आणील ते आत जाते. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचे भोक, मोठी, मग लहान होत होत शेवटच्या टोकाला, खोल्यात, ती बोटभरही राहत नाही, कारण तिथे जवळा आणि करंदी धरायची असते. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा, पलीकडचे उत्तन यांची चूल या डोलीवर पेटते. वलांडीवर वाळणारे बोंबील, मांदेली, जवळा हे सगळे तिचेच. डोलकर सांगतो की आम्ही माशामागे धावत नाही, पाणी आणते ते घेतो. खरे आहे. पण पावसाळा ओसरल्यावर किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात पापलेटची पिल्ले वाढत असतात, आणि पाणी तीही आणते. खोला बोटीवर ओतेपर्यंत ती जवळ्याखाली दबून मेलेली असतात.

इथे सातपाटीचा आणि वसई-उत्तनचा जुना वाद येतो. उत्तरेच्या समुद्रात दक्षिणेकडच्या बोटी कव मारतात, त्या खुंटांमुळे आमची तरती जाळी अडतात आणि डोलीत आमचा पापलेट पिल्लातच संपतो, ही सातपाटी-डहाणूच्या गिलनेटवाल्यांची कैफियत. आमच्या आज्या-पणज्यांपासून या कवी आहेत, समुद्र कुणाच्या बापाचा नाही, हे इकडचे उत्तर. चाळीसएक वर्षे हे चालू आहे. बैठका झाल्या, दगडफेकीपर्यंत पाळी आल्याच्या बातम्याही आल्या. या वादात अलीकडे दोन्ही बाजू संशोधनाचा हवाला देऊ लागल्या आहेत. प्रगतीच म्हणायची. फक्त दोघेही त्यातली आपापल्या सोयीची तुकडी उचलतात.

डोलीत पिल्ले मरतात हा निष्कर्ष सातपाटीला तोंडपाठ असतो. गाभोळीने भरलेली मादी मात्र गिलनेटमध्येच लागते, आणि जाळी जितकी लांब तितक्या जास्त माद्या जातात, याची आठवण कुणी तिथे काढत नाही. वसईला ट्रॉलर आणि पर्ससीनवाले समुद्र खरवडून नेतात हा निष्कर्ष आवडतो. एलईडीचे दिवे लावून होणाऱ्या मासेमारीचाही उल्लेख आवर्जून होतो. तोही चुकीचा नाही. पण आपल्या खोल्यातल्या पापलेटच्या पिल्लांचे पान उलटले की इकडेही चष्मा सापडत नाही. आणि 2019 मध्ये राज्याची एकूण मासळी दोन लाख टनांच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतल्या नीचांकावर आली, तेव्हा दोघांनी मिळून दोष क्यार आणि महा या वादळांना दिला. वादळे खरीच होती, त्यांनी बोटींचे ऐन हंगामातले दिवस बुडवले. पण वादळ येऊन गेले की समुद्राला उसंत मिळते, जाळ्यांकडून ती मिळत नाही.

सरकारच्या 135 मिलिमीटरच्या नियमाचाही इथेच घोटाळा होतो. गिलनेटची आस मोठी ठेवली तर लहान पापलेट तीतून निसटून जिवंत राहतो. तिथे आकाराच्या नियमाला अर्थ आहे. डोलीतला मासा खोला वर येईपर्यंत मेलेला. त्याला धक्क्यावर पट्टी लावून दंड केला, तरी तो समुद्रात परत पोहायला जाणार नाही. दंडाच्या भीतीने डोलकर तो वाटेतच पाण्यात फेकील, मग मोजणीतही येणार नाही. बरे, मोजायचा तरी कसा? पापलेटची शेपटी लांब आणि खोल खाचेची. टोकापर्यंत मोजला आणि खाचेपर्यंत मोजला यात बोटा-दोन बोटांचा फरक पडतो. एवढी साधी गोष्ट चित्र काढून समजावणारा हातभर फलक बंदरावर लावायला कुणाची हरकत होती?

डोलीसाठी उपाय वेगळे आहेत आणि तेही संशोधकांनीच सांगितलेले आहेत. नेहमीची आस शंकरपाळ्यासारखी असते, जाळ्यावर ओझे आले की मिटते. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडी राहते आणि लहान मासा निसटतो. खोल्याला अशी आस लावून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. डोलकराचा आक्षेपही रास्त आहे, की त्याच वाटेने माझा जवळाही जाईल, मग मी खायचे काय? याचे उत्तर प्रयोगशाळेतून मिळणार नाही. ज्या आठवड्यांत पिल्लांची गर्दी असते तेवढ्याच काळात, त्या पट्ट्यातच खोला बदलायचा, किंवा तेवढे दिवस कव मोकळी ठेवायची आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यायची, असा काहीतरी मार्ग काढावा लागेल. पण तो काढायला कोणते आठवडे आणि कोणता पट्टा हे आधी माहीत हवे. ते डोलकराला अंदाजाने माहीत आहे आणि संशोधकाला नमुन्यावरून. दोघे एका जागी बसलेले मात्र क्वचित दिसतात. नारळी पौर्णिमेआधी बोट सोडायची नाही ही कोळ्यांची जुनी रीत. सरकारची बंदी 31 जुलैला उठते. ती 15 ऑगस्टपर्यंत वाढवा ही पालघरच्या मच्छीमारांची जुनी मागणी आहे. म्हणजे समुद्राला थोडी उसंत द्या हे कोळ्यांना शिकवावे लागत नाही.

केरळचा दाखला इथे उपयोगी आहे. त्या राज्याने 2015 मध्येच किमान आकाराचा नियम आणला, नंतर तो 58 जातींना लावला. आता सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा अभ्यास सांगतो की नियमानंतर तिथे किळिमीन, म्हणजे आपला राणी मासा, याचे उत्पादन 41 टक्क्यांनी वाढले. वसईत हा आकडा कुणी पाहिला असेल तर इंग्रजी वर्तमानपत्रात. राणी मासा ट्रॉलरचा, पापलेटची पिल्ले आणि बोंबील डोलीतले, त्यामुळे केरळचे यश जसेच्या तसे इथे उतरणार नाही हेही त्याच बातमीसोबत सांगायला हवे होते. विद्यापीठे आणि संस्था संशोधनाचे पत्रक काढतात ते 'देशात प्रथमच', 'महत्त्वपूर्ण यश' अशा शब्दांनी भरलेले. कोणत्या जाळ्याला लागू, कोणत्या नाही, ही ओळ त्यात शोधूनही मिळत नाही. बातमीदारालाही ती नको असते. प्रबंध इंग्रजीत, सादरीकरण परिषदेत आणि ज्याच्या जाळ्यावरून नमुने गोळा केले त्या तांडेलाला निष्कर्ष काय निघाला ते कुणी सांगायला येत नाही. पुढच्या खेपेला विद्यार्थी वही घेऊन आला की त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, त्यात नवल ते काय? आधीच्या वहीतून शेवटी नियमच बाहेर पडला, असे लोकांनी का समजू नये?

आता गिऱ्हाइकाबद्दल दोन शब्द, कारण तेही आपणच. वसईच्या बाजारात रविवारी सकाळी उभे राहावे. 'मावशी, मोठा नको, ताटात मावेल असा द्या, अख्खा तळायचाय,' हे वाक्य हमखास कानावर येते. महामार्गावरच्या थाळीवाल्यांना तर पापलेट ताटलीच्या मापाचाच लागतो, कारण अख्खा मासा दिसला की थाळीचा दर वाढवता येतो. राज्य माशाचा मान ठेवायचा तो भिंतीवरच्या चित्रात, आणि त्याचे पिल्लू रव्यात घोळवायचे. गिऱ्हाइकाने लहान पापलेट नाकारला तर मावशी तो घेणार नाही आणि मावशीने घेतला नाही तर बोटवाल्यालाही विचार करावा लागेल. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मत्स्यव्यवस्थापन आहे.

वसई-विरारमध्ये विज्ञान शिकवणारी महाविद्यालये आहेत, वर्तक महाविद्यालयासारखी जुनी आणि नावाजलेली. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी मुले बेडूक आणि झुरळांच्या आकृत्या काढत बसतात. त्यांना ऑगस्ट ते डिसेंबर आठवड्यातून एकदा पाचूबंदरच्या धक्क्यावर पाठवावे. कोणत्या बोटीच्या डोलीत पापलेटची पिल्ले किती, केवढी, कोणत्या दिशेच्या कवीतून, कोणत्या तिथीच्या भरतीला, एवढेच लिहायचे. पद्धत वर्सोव्याच्या विद्यापीठाने शिकवावी, आकडे तपासूनही घ्यावेत. अशीच मोजणी सातपाटीत गिलनेटच्या माद्यांची व्हावी. आणि दर महिन्याला दोन्ही बंदरांचे आकडे दोन्ही बंदरांवर, मराठीत, मोठ्या अक्षरात लागावेत. पहिल्याच महिन्यात वसईचा आकडा वसईला झोंबणारा निघाला, तरी फलक कुणी उतरवायचा नाही, एवढी अट मच्छीमार सोसायटीने आधीच लेखी मान्य करावी.