दाखला नको, उमेदवारी हवी

गतवर्षीच्या जत्रेत, पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून परतत असता, आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध महाजनांनी आम्हांस दीपस्तंभापाशी बाजूला घेतले. "वकील बाब, भाच्याक एक सर्टिफिकेट जाय आसलें," ते म्हणाले. भाचा कायद्याच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होता. चार आठवडे एखाद्या वकिलाच्या कचेरीत काम केल्याचा दाखला त्याला हवा होता. मात्र नेमक्या त्याच चार आठवड्यांत त्याचे मित्रांसमवेत हिमालयात फिरायला जाणे ठरले होते. तेव्हा तो येणार नाही, तुमची एक सही पुरे, असे त्यांनी इतक्या निरागसपणे सांगितले की, जणू ते आमच्याकडे अंगाऱ्याची पुडीच मागत होते.

आम्ही सही दिली नाही. परंतु यात आम्ही काही पराक्रम केला असे कोणी समजू नये. दहा वर्षांपूर्वी अशीच एक सही आम्ही भिडेखातर दिली होती. तो तरुण पुढे सनद घेऊन न्यायालयात उभा राहिला, तेव्हा साधी तारीख कशी मागावी हेही त्याला उमगेना. त्याची फजिती पाहून लोक हसले. आम्हांस मात्र आमची सही आठवली. म्हणून पुढे जे लिहीत आहोत ते दुसऱ्यांवर जितके, तितकेच स्वतःवर आहे.

इंग्रजीत ज्याला इंटर्नशिप म्हणतात, त्याला मराठीत उमेदवारी हा जुना आणि भरदार शब्द आहे. उमेद बाळगून जो कामापाशी येतो तो उमेदवार. भारतीय वकील परिषदेच्या 2008 च्या नियमांप्रमाणे त्रैवार्षिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने किमान 12 आठवडे आणि पंचवार्षिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने किमान 20 आठवडे अशी उमेदवारी केलीच पाहिजे. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. आणि संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी खटले चालविणाऱ्या व अपिले चालविणाऱ्या वकिलांच्या हाताखाली ती झाली पाहिजे. अशिलाची मुलाखत वकील कशी घेतो ते पाहावे, एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून ऐकावा आणि त्याची नोंद वहीत करावी, हेही अभ्यासक्रमातच सांगितले आहे.

ही सक्ती जाचक वाटत असेल त्यांनी थोडा इतिहास ध्यानी घ्यावा. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमात पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची तरतूद मुळात होती. 1973 च्या दुरुस्तीने ती गेली. 1995 मध्ये वकील परिषदेने एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम पुन्हा केले, ते सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये रद्द ठरविले. कारण असे नियम करण्याचा अधिकारच परिषदेला कायद्याने उरलेला नव्हता. म्हणजे डॉक्टरला रुग्णालयात वर्षभर राबल्याशिवाय कायम नोंदणी मिळत नाही. पण दुसऱ्याचे घर, जमीन आणि स्वातंत्र्य ज्याच्या हाती सोपवायचे, त्या वकिलाची पूर्वतयारी या मोजक्या आठवड्यांवर येऊन ठेपली. आणि तेवढेही आठवडे आपण सहीच्या एका फटकाऱ्याने पुसून टाकतो! सत्यकथनाची शपथ ज्या व्यवसायाचा रोजचा व्यवहार, त्या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्याचा पहिला कागदच खोटा असावा, याहून मोठी विटंबना कोणती?

या विटंबनेची किंमत कोण देतो? ज्याचा मामा महाजन आहे तो नव्हे. ती देते काणकोणातली किंवा सत्तरीतली ती मुलगी, जिच्या घरात आजवर कोणी न्यायालयाची पायरी चढले असेल तर पक्षकार म्हणून. तिला कोणी वकील ठाऊक नाही. पाच कचेऱ्यांत अर्ज पाठवावेत तर पाचही ठिकाणी 'जागा भरल्या' असे उत्तर येते. आणि त्या भरलेल्या जागांपैकी एखादीवर बसणारा हिमालयात असतो! जागा मिळालीच, तर काणकोणाहून पर्वरीच्या उच्च न्यायालयापर्यंत सत्तर किलोमीटरांहून अधिक प्रवास रोज स्वखर्चाने करायचा. विद्यावेतन नाही, काळा कोट मात्र हवा. वशिला नसलेल्याने उमेद तरी किती दिवस धरावी?

येथे आमचे काही व्यवसायबंधू म्हणतील, 'आम्हीही फुकटच उमेदवारी केली. त्यात आमचे काय बिघडले?' त्यांचे बिघडले नाही, कारण ते टिकले. जे टिकू शकले नाहीत ते हे सांगायला आपल्या कचेरीत नाहीत. आणि परंपरेचाच आधार घ्यायचा, तर तो नीट घ्यावा. नारदस्मृतीत अंतेवासी शिष्याचे प्रकरण आहे. आचार्याने त्याला स्वतःच्या घरी जेवू घालून शिकवावे, शिक्षणाबाहेरचे काम त्याच्याकडून करवून घेऊ नये, त्याला पुत्रवत वागवावे, असा तेथे दंडक आहे. त्याच शास्त्रपरंपरेने शिष्यालाही बांधले आहे: ठरलेली मुदत पुरी होईपर्यंत, विद्या लवकर आली तरी, गुरूचे घर त्याने सोडावयाचे नाही. फुकट राबवून घेणारा वकील आणि न येता दाखला मागणारा विद्यार्थी, दोघेही या एकाच नियमाचे अपराधी होत. महिनाभर चहा सांगायला व झेरॉक्स काढायला धाडलेल्या मुलाला दिलेला दाखला न आलेल्याला दिलेल्या दाखल्याइतकाच खोटा आहे.

आता विद्यार्थ्यांस दोन शब्द. मामाला पुढे करू नका. अर्ज स्वतः लिहा. कोणत्या वर्षात शिकता, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत, कोणत्या प्रकारचे काम पाहायचे आहे आणि याच कचेरीत का, एवढे एका पानात स्वच्छ लिहा. दोन महिने आधी लिहा. पुष्कळजण मे महिन्यात येतात. त्या वेळी दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते, मग रिकाम्या दालनाशिवाय पाहायला काय मिळणार? न्यायालय सर्वांना खुले असते. उमेदवारीपूर्वी चार दिवस मागच्या बाकावर जाऊन बसा. दावा व कैफियत यांत काय काय असावे लागते ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या व आठव्या आदेशांत वाचा. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलला आहे, तेव्हा थोरल्या भावाची जुनी पुस्तके घेऊन येऊ नका. गोव्यात काम करायचे तर 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि वारसा-वाटणीचा 2012 चा गोव्याचा कायदा यांची तोंडओळख हवी. आणि अशिलाशी बोलण्याइतकी कोंकणी वा मराठी हवीच. युक्तिवाद इंग्रजीत होईल. पण म्हातारी अशील आपले दुःख इंग्रजीत सांगत नाही. तिने जे सांगितले ते कचेरीबाहेर न्यायचे नाही, हा तुमचा पहिला धडा.

शेवटी महाजनांस व देवस्थान-समित्यांस. गोव्यातील देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज अमदानीतील 1933 च्या नियमावलीखाली आजही चालतो. मामलेदार तेथे प्रशासक असतो. निवडणुका, मानपान आणि जमिनी यांवरून वाद न्यायालयात जातात. म्हणजे चांगल्या वकिलाची गरज देवालाही पडते! मग तो घडविण्यात आपला वाटा कोणता? फोंड्याच्या न्यायालयापासून कवळे, म्हार्दोळ, मंगेशी येथील अग्रशाळा फार दूर नाहीत. जत्रेचे दिवस सोडून एखादी खोली दूरगावच्या उमेदवाराला चार आठवडे दिली, दुपारचे जेवण दिले, तर दंडकाचे अर्धे पालन तेथेच होईल. खोली द्यावयाची ती मात्र अर्ज पाहून. आडनाव पाहून नव्हे. राहिलेले अर्धे वकिलांचे. आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे: वर्षाला दोन उमेदवार, अर्जावरून निवडलेले, त्यांचा प्रवासखर्च आमचा, आणि हजेरीची वही पाहिल्याखेरीज दाखला नाही.

ते वृद्ध महाजन आमच्यावर रुसले. या वर्षीच्या जत्रेत त्यांनी नमस्कार केला, तोही दुरूनच. परंतु आमची त्यांस विनंती एवढीच आहे की, भाच्याला यंदा स्वतः अर्ज लिहू द्यावा. अर्ज चांगला असला तर आमचे दार उघडे आहे. आणि त्याच्याहून चांगला अर्ज काणकोणच्या मुलीचा असला, तर मामांनी तिच्याच पाठीवर हात ठेवावा. देवाच्या दारी उभे राहून न्याय मागणाऱ्यांनी, न्यायाच्या दारी वशिला मागू नये.