पहारेकरी, कारकून व खतावणी

प्रस्तुत वर्षीं आमच्या शाळेच्या संगणक-दालनांत एक नवी व्यवस्था सुरू झाली. शाळेच्या संगणक-जाळ्यांत कोणी आगंतुक शिरूं पाहील, तर त्याची चाहूल घेणारा व त्या चाहुलीची नोंद ठेवणारा पहारा तेथें बसविण्यांत आला. त्यावर कित्येक पालकांनीं आम्हांस दोन प्रश्न केले. शाळेसारख्या ठिकाणीं चोरण्यासारखें आहे तरी काय? आणि हा पहारा आमच्या मुलांच्याच मागें तर लागणार नाहीं ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

पहिल्याचें उत्तर सोपें आहे. मुलांचे गुण, जन्मतारखा, घरचे पत्ते, पालकांचे दूरध्वनि-क्रमांक हें सर्व आज शाळेच्या संगणकांत असतें. तें पालकांनीं आमच्यावर विश्वास ठेवून दिलेलें आहे. आणि दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यानें दाराशीं पहारा न ठेवणें हा निष्काळजीपणा होय.

हा पहारेकरी म्हणजे स्नॉर्ट नांवाचा प्रोग्रॅम. तो मार्टिन रोश यांनीं १९९८ सालीं लिहिला. जाळ्यांतून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांनीं जातो. त्यांस पॅकेट म्हणतात. स्नॉर्ट प्रत्येक पॅकेट आपल्या नियमावलीशीं ताडून पाहतो व संशय आल्यास इशारा देतो. परंतु सुटा इशारा फारसें कांहीं सांगत नाहीं. रात्रीं दोन वाजतां एकदां कडी वाजली, येवढ्यावरून काय कळणार? तीच कडी लागोपाठ तीन रात्रीं त्याच हातानें वाजली, हें कळावें तर सर्व इशारे एका ठिकाणीं नीट मांडलेले पाहिजेत. म्हणून ते मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसांत, म्हणजे रकाने पाडलेल्या खतावणींत, चढवावयाचे: कोणता नियम लागला, केव्हां लागला, पॅकेट कोठून आलें व कोणाकडे निघालें.

येथें एक चूक सहज होते. पहारेकऱ्याच्याच हातीं खतावणी द्यावी, असें प्रथम कोणासही वाटतें. स्नॉर्टांतही पूर्वीं तशी सोय होती. परंतु डेटाबेसांत नोंद होण्यास जो वेळ लागे तितका वेळ स्नॉर्ट अडकून राही, आणि गर्दीच्या वेळीं तेवढ्यांत कित्येक पॅकेटें न तपासतां निघून जात. पहारेकरी मान खालीं घालून लिहीत बसला कीं दार उघडेंच! म्हणून २०१२ सालीं ती सोय काढून टाकण्यांत आली. मग रीत अशी पडली कीं, पहारेकऱ्यानें युनिफाइड-२ प्रकारच्या फाइलींत भराभर चिठ्ठ्या टाकाव्या, आणि बार्नयार्ड-२ नांवाच्या निराळ्या कारकुनानें त्या खतावणींत उतराव्या. कोठपर्यंत उतरलें याची खूण हा कारकून एका लहान फाइलींत ठेवतो. त्यामुळें काम मध्यें खंडित झालें तरी तेथून पुढें सुरू करतां येतें. २०२१ सालीं आलेल्या स्नॉर्ट-३ मध्यें साधनें बदललीं, तरी पाहणाऱ्यानें पाहावें व लिहिणाऱ्यानें लिहावें हें तत्त्व सोडूं नये असें आम्हांस वाटतें.

खतावणी निराळ्या संगणकावर असावी, हें आमचें दुसरें मत. घरांत शिरलेला चोर आपल्या पावलांच्या खुणा पुसूं पाहतो. १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत संगणक-वापराच्या हिशेबांत ७५ सेंटांचा मेळ बसेना, तेव्हां क्लिफर्ड स्टॉल यांनीं शोध आरंभिला. त्यांनीं संगणकाकडे येणाऱ्या तारांसच छपाई-यंत्रें जोडलीं. आगंतुकाच्या हालचाली कागदावर उमटत गेल्या, आणि तो कागद त्यास पुसतां येण्यासारखा नव्हता. शेवटीं जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं त्याचा माग लागला.

परंतु खरी कसोटी पुढेंच आहे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेंतील टार्गेट या दुकानदार कंपनीकडून सुमारें चार कोटी कार्डांचे क्रमांक चोरीस गेले. पहारा-यंत्रणेनें इशारे दिले होते; त्यांची वेळींच दखल घेतली गेली नाहीं. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथांतील पहारेकरी येथें आठवतो. त्यानें कर्णा वाजविला म्हणजे पुढची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, जी खतावणी वाचण्यास कोणी नेमलेला नाहीं, ती न ठेवणेंच बरें. ती केवळ खोटी निश्चिंती देते. रोज सकाळीं एका शिक्षकानें ती वाचून सही करावी. व्यर्थ इशारे वरचेवर देणारे नियम तपासून सुधारावे, नाहींतर खरा इशारा त्या ढिगाऱ्यांत हरवेल.

आतां दुसरा प्रश्न. संशयित पॅकेटांतील मजकूरही खतावणींत उतरविण्याची सोय या साधनांत आहे, आणि तो मजकूर एखाद्या मुलाचें खाजगी पत्रही असूं शकेल. तो उतरवूं नये. नियम, वेळ व दोन्ही टोकांचे पत्ते येवढीच नोंद पुरे. यामुळें खरा इशारा कोणता व खोटा कोणता हें ठरविणें अधिक कठीण होईल, हें आम्ही जाणतों. ती किंमत शाळेनें सोसावी. मुदतीसही मर्यादा हवी. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांस १८० दिवसांच्या नोंदी राखण्यास सांगितलें आहे. आमच्या शाळेनें तितकेच दिवस त्या राखाव्या व नंतर पुसून टाकाव्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कित्येक पुढें असल्या खतावण्या स्वतः मांडतील. तेव्हां येवढें ध्यानांत असूं द्या: वाचण्याचा अधिकार ज्यास मिळाला, त्यास आळस करण्याचा अधिकार नाहीं, आणि गरजेपेक्षां अधिक डोकावण्याचाही नाहीं. पालकांनींही ही खतावणी कोण वाचतो व त्यांत काय लिहिलें जातें हें आम्हांस केव्हांही विचारावें. उत्तर देण्यास आम्ही बांधलेले आहों.