डॉलर की युरो, आण्णा?

शुक्रवारची संध्याकाळ. बेलापूरचं ऑफिस, एसीची घरघर आणि मी. बाकी सगळं पब्लिक वीकएंडच्या मूडमध्ये कधीच सटकलेलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. गावाकडचा दोस्त.

"काय करायलास? आमच्या पेट्या कधी सुटायच्या?"

त्याचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचेच आण्णा, गेवराईजवळ जिनिंग चालवतात. कापूस साफ करायच्या मशीनचे सुटे भाग त्यांनी इटलीहून मागवले होते. बीडचं आणि समुद्राचं नातं तसं लांबचंच. अहो, बीड शहरातून पहिली रेल्वे सुटली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला! त्यामुळे माल उतरणार न्हावा शेवाला आणि ट्रकने घाट चढून गावी जाणार. मी नोकरीला कस्टम्स ब्रोकरकडे. म्हणजे घरचंच कार्य!

आयात मालाचं बिल ऑफ एन्ट्री आम्ही आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर भरतो. सबमिट करण्याआधी एक चेकलिस्ट निघते. ती पार्टीने नीट वाचायची, मगच ओके द्यायचं. मी चेकलिस्ट दोस्ताला व्हॉट्सअ‍ॅप केली. तीन सेकंदांत अंगठा आला. मीही खूश. बिल गेलं, नंबर आला.

आणि आता फोन कानाला लावून सहज इनव्हॉइस उघडलं, तर पोटात गोळाच आला. इनव्हॉइस युरोत, आणि मी भरलं होतं डॉलरमध्ये! आकडा तोच, चलन दुसरं. युरो डॉलरपेक्षा महाग. म्हणजे मालाची किंमत कमी दिसली आणि ड्युटीही कमी निघाली.

दोस्ताला सांगितलं, तर पठ्ठ्या म्हणतो, "कमीच भरायचीय ना? मग कामून बोंबलतोस? गप बस की."

खरं सांगू? क्षणभर मलाही मोह झाला. सोमवारी साहेबांसमोर मान खाली घालायची, आणि इकडे दसऱ्याला कापसाचा मुहूर्त. एक दिवस उशीर म्हणजे बंदराचं भाडं, फ्री डेज संपले की कंटेनरचं डिटेन्शन, वर जिनिंगच्या दारात टेम्पोंची रांग. कुणाला कळणार होतं?

पण बॉस, इथेच गोची आहे. २०११ पासून कस्टम्समध्ये सेल्फ असेसमेंट आहे. म्हणजे ड्युटी किती, हे आधी आयातदारानेच ठरवायचं, आणि ते खरं असण्याची जबाबदारीही त्याचीच. माल सुटला म्हणजे विषय मिटला, असं होत नाही. नंतर ऑडिट होऊ शकतं. तेव्हा सापडलं तर उरलेली ड्युटी, त्यावर व्याज आणि वर दंड. किंमत चुकीची सांगितली म्हणून माल जप्तीलाही पात्र ठरतो. तुमचं बोट चुकून घसरलं होतं, हे तेव्हा कोणाला पटवून देणार?

शेवटी फोन आण्णांच्या हातात गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बाळा, आमच्या काट्यावर दहा किलो इकडचे तिकडे झाले, तर पावती फाडायच्या आधी आम्हीच सांगतो. शेतकऱ्यानं पकडलं, की पुढल्या साली त्याची गाडी दुसऱ्याच्या दारात. दुरुस्त कर."

सोमवारी सकाळी साहेबांना सांगितलं, बोलणी खाल्ली आणि कामाला लागलो. कस्टम्स कायदा १९६२ चं कलम १४९ म्हणजे आमच्यासारख्यांचं खोडरबर. पोर्टलवर अमेंडमेंटची विनंती टाकायची, मूळ इनव्हॉइस ई-संचितवर अपलोड करायचं, फी भरायची. अधिकाऱ्याने मंजूर केलं, की ड्युटीचा हिशेब नव्याने होतो. २०२० पासून असेसमेंट फेसलेस झालंय. समोरचा अधिकारी कुठल्या शहरात बसलाय हेही कळत नाही. तेव्हा गोड बोलून काम होईल हे विसरा. जे काय बोलायचं, ते कागदानेच.

दोन दिवस गेले. फरकाची ड्युटी आण्णांनी भरली. फ्री डेज संपायला एक दिवस असताना पेट्या गेटबाहेर पडल्या. हुश्श!

आता ऐका, कारण उद्या ही वेळ तुमच्यावरही येईल. पेट्यांची संख्या किंवा बिल ऑफ लेडिंगचा नंबर जहाजाच्या मॅनिफेस्टमध्येच चुकला असेल, तर आपल्या बिलात कितीही खाडाखोड करून उपयोग नाही. ती दुरुस्ती शिपिंग लाइनने करायची असते, तेव्हा आधी फोन त्यांना. माल सुटल्यानंतर कलम १४९ खाली दुरुस्ती हवी असेल, तर माल सुटताना अस्तित्वात असलेलाच कागद चालतो. नंतर बनवून आणलेलं पत्र चालत नाही.

आणि चूक उलटी झाली, जास्त पैसे भरले गेले तर? नुसता रिफंडचा अर्ज टाकून भागत नाही. आधी ते बिल दुरुस्त व्हावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये आयटीसीच्या खटल्यात सांगितलं. पुढे २०२१ मध्ये डायमेन्शन डेटा कंपनीच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने माल सुटल्यानंतरही कलम १४९ ची वाट मोकळी असल्याचं मान्य केलं. २०२५ च्या वित्त कायद्याने तर १८अ हे नवं कलम आणलं. माल सुटल्यावरही आयातदाराने स्वतःहून चूक सुधारायची सोय. पण ऑडिट किंवा झडती सुरू झाल्याचं कळवलं गेलं, की हे दार बंद. म्हणजे पकडले जायच्या आधीच बोलायचं. आण्णांचा काटाच की!

परवा आण्णांचं दुसरं कन्साइनमेंट आलं. चेकलिस्ट पाठवली. या वेळी अंगठा आला नाही. तासाभराने थेट आण्णांचाच फोन. "चष्मा लावून वाचलंय. युरोच आहे ना रे?"

"युरोच आहे, आण्णा."

"मग दाब बटण."