विश्लेषण : मोटार मेकॅनिकचा पेशा आजही फायद्याचा आहे का?

दहावीचा निकाल लागला, की आयटीआयच्या अर्जात कोणता व्यवसाय पहिल्या पसंतीला टाकायचा, यावर घरोघरी खल होतो. ‘मोटार मेकॅनिक’ हे नाव निघाले, की घरातच दोन तट पडतात. ‘हातात कला असलेला माणूस उपाशी राहत नाही’ असे एकाचे म्हणणे. तर ‘आयुष्यभर हात काळे करायचे, शिवाय आता सगळ्या गाड्या बॅटरीवर येणार’ ही दुसऱ्याची धास्ती. दोन्हींत तथ्य आहे, पण निर्णय घ्यायला दोन्ही अपुरी आहेत. या पेशात काम भरपूर आहे. मात्र पार्ट बदलणारे हात जागोजागी मिळतात आणि बिघाडाचे मूळ शोधणारे मोजके असतात. या दोघांच्या कमाईत आज मोठी दरी आहे आणि ती वाढतच जाणार आहे.

कामाची कमतरता आहे का?

महाराष्ट्रातील नोंदणीकृत वाहनांची संख्या चार कोटींच्या पुढे गेली आहे आणि त्यांत सर्वाधिक वाटा दुचाकींचा आहे. नवी गाडी वॉरंटीच्या काळात कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाते. वॉरंटी संपली, की बिलाचा आकडा पाहून अनेक मालक घराजवळच्या गॅरेजकडे वळतात. खासगी पेट्रोल मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली, तर पाच वर्षांचे नूतनीकरणही मिळते. म्हणजे गाडीच्या आयुष्यातील बरीच वर्षे ती बाहेरच्या मेकॅनिकच्या हातात असते. ग्रामीण भागात तर पर्यायच नसतो. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर बंद पडलेला ट्रॅक्टर शहरातल्या शोरूममध्ये नेता येत नाही. त्याला तालुक्याचाच मिस्त्री लागतो. हे काम दुसऱ्या देशात पाठवता येत नाही आणि घरी बसून संगणकावरही होत नाही.

मग कमाई कुठे अडते?

ती अडते मजुरीवर. ग्राहक पार्टची छापील किंमत मुकाट्याने देतो; मजुरीचा आकडा ऐकला, की ‘दोन मिनिटांचे तर काम होते’ म्हणतो. ते काम दोन मिनिटांत व्हावे म्हणून कुणीतरी दहा वर्षे घालवलेली असतात, हे बिलात दिसत नाही. त्यामुळे बरीच गॅरेजेस मजुरी कमी लावतात आणि पार्टवरच्या मार्जिनमधून तूट भरून काढतात. यातून एक दुष्टचक्र सुरू होते. दुरुस्तीपेक्षा बदलण्यात फायदा असल्याने जुना पार्ट चालण्याजोगा असला तरी नवा बसतो. ग्राहकाला संशय येतो आणि पुढच्या वेळी तो मजुरीवर आणखी घासाघीस करतो. नुकसान होते ते नेमका दोष शोधून कमीत कमी खर्चात गाडी चालू करून देणाऱ्या मेकॅनिकचे.

डॉक्टर तपासणीची फी वेगळी घेतात आणि ‘काही झालेले नाही’ असे सांगितले तरी ती द्यावी लागते. गॅरेजमध्ये मात्र दोष शोधण्यात गेलेले दोन तास फुकट धरले जातात. ज्यांनी तपासणीचे शुल्क वेगळे लावून ते बिलावर लिहायला सुरुवात केली, त्यांना पार्ट खपवण्याची गरज उरत नाही. या पेशाची आर्थिक गाठ सुटायची असेल, तर ती इथूनच सुटेल.

‘बीएस-६’नंतर काय बदलले?

१ एप्रिल २०२०पासून देशभर ‘बीएस-६’ प्रदूषण निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार होऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्याच्या वर्षभर आधी १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना ‘एबीएस’ सक्तीचे झाले होते. पूर्वी आवाजावरून टॅपेट आणि प्लगच्या रंगावरून इंधनाचे मिश्रण ओळखणारा तो उस्ताद मानला जाई. तो कान आणि ती नजर आजही लागते. पण जोडीला स्कॅनर, मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा वाचण्याची अक्कलही लागते.

एक उदाहरण पाहू. मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर ‘पी०१७१’ हा कोड दाखवतो. इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे, एवढाच त्याचा अर्थ. अर्धवट शिकलेला मेकॅनिक ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा होतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. खरा दोष हवेच्या चिरलेल्या रबरी पाइपमध्ये, मळलेल्या एअर फ्लो सेन्सरमध्ये किंवा कमी पडणाऱ्या इंधनाच्या दाबात असू शकतो. कोड लक्षण सांगतो; कारण माणसालाच शोधावे लागते. ते शोधू शकणाऱ्याकडे आजूबाजूचे गॅरेजवालेही अडलेली गाडी पाठवतात आणि तिथे मजुरीवर घासाघीस होत नाही.

शिकण्याचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग आयटीआयचा. ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा, तर ‘मेकॅनिक डिझेल’ हा एका वर्षाचा व्यवसाय आहे. ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा नवा व्यवसायही यादीत आला आहे. दोन वर्षांचा आयटीआय उत्तीर्ण झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट असते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करता येते. २०१९च्या सुधारित नियमांनुसार तिचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा पाच ते नऊ हजार रुपये ठरले. शहरात खोलीभाडे देऊन राहणाऱ्या मुलाला ते अपुरे आहे, हे आधीच गृहीत धरलेले बरे.

दुसरा मार्ग उस्तादाच्या हाताखालचा. तिथे हात लवकर बसतो आणि ग्राहकाशी बोलायचे कसे, हेही कळते. पण कागद मिळत नाही आणि उस्तादाला जे येत नाही ते शिष्यालाही येत नाही. या परंपरेची काळी बाजू म्हणजे शाळा सोडून पाने उचलून देणारा ‘छोटू’. २०१६च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला अशा कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. घरच्या अडचणीचे कारण सांगून तो झाकता येत नाही.

दोन्ही मार्ग एकत्र केल्यास फळ अधिक मिळते: आयटीआयमधून विजेचे आणि इंजिनाचे शास्त्र, तर गॅरेजमधून हात. आधीच गॅरेजमध्ये असलेल्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनांमध्ये आहे.

नोकरी की स्वतःचे गॅरेज?

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पगार ठरलेला असतो, कंपनीचे प्रशिक्षण मिळते आणि नवे तंत्र सर्वांत आधी हाताळायला मिळते. उणीव अशी, की एकाच कंपनीच्या गाड्या आणि ठरावीक कामे यांत माणूस अडकतो. एसटीची आगारे आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा हा सरकारी सेवेचा मार्ग आहे. पण भरतीची वाट पाहण्यात वर्षे जातात. ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल पदविकेपर्यंत पोहोचलेल्याला सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेचा दरवाजाही उघडतो.

स्वतःच्या गॅरेजमध्ये कमाईला वरची मर्यादा नाही, तशी खालचीही नाही. जागेचे भाडे, हत्यारे, स्कॅनर आणि उधारी यांत पहिली वर्षे जातात. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. तरीही सर्व्हिस सेंटरमध्ये तीन-चार वर्षे काढून, बिल आणि हिशेब शिकून मग गॅरेज काढणारे सहसा तग धरतात. हात उत्तम पण वही कोरी, अशी गॅरेजेस उधारीत बुडतात.

इलेक्ट्रिक गाड्या पोटावर पाय देतील?

काही कामे नक्की जातील. इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर, क्लच प्लेट यांतले काहीच नसते आणि गल्लीतल्या गॅरेजचे रोजचे पोट याच कामांवर चालते. पण टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बेअरिंग, स्टिअरिंग, दिवे, वायरिंग आणि मोटारीतला एसी ही कामे राहतात. बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि चार्जर ही नवी भर पडते. शिवाय आज शोरूममधून बाहेर पडणारी पेट्रोलची गाडी पुढची १५ वर्षे तरी दुरुस्तीला येणार आहे. आज १८ वर्षांच्या असलेल्या मुलाच्या उमेदीचा बराच काळ दोन्ही प्रकारच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतील.

फरक पडेल तो सुरक्षेत. इलेक्ट्रिक मोटारीत साधारण ३०० ते ४०० व्होल्टचा दाब असतो. तो खंडित न करता, इन्सुलेटेड हातमोजे न घालता केबलला हात लावणे जीवावर बेतू शकते. ‘करून करून शिकू’ ही जुनी पद्धत इथे चालणार नाही. म्हणूनच या पुढच्या काळात औपचारिक प्रशिक्षणाचे मोल वाढेल.

शरीराची किंमत किती?

याचा हिशेब करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत क्वचितच मांडला जातो. वाकून काम केल्याने कंबर आणि गुडघे लवकर कुरकुरतात. पेट्रोलने हात धुण्याची सवय तर सर्रास आढळते. पेट्रोलमधील बेंझिन आणि डिझेलचा धूर हे दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहेत. हातमोजे, हवेशीर शेड आणि गाडी उचलणारी लिफ्ट यांवरचा खर्च चैनीचा नाही. कामाची वर्षे वाढवणारा आहे.

त्यात सामाजिक सुरक्षा तुटपुंजी. कर्मचारी राज्य विमा साधारणतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, तर भविष्य निर्वाह निधी वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. तीन-चार जणांचे गॅरेज या दोन्हींतून निसटते. हात दुखावला, की त्या दिवसापासून कमाई बंद. अपघात विमा आणि निवृत्तीची तजवीज स्वतःच करावी लागते, हे पहिल्या पगारापासून लक्षात ठेवावे लागते.

सरकार आणि कंपन्यांकडून काय हवे?

पहिली गरज माहितीची. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नसल्याच्या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण पोर्टलवर कंपन्यांची माहिती असणे वेगळे आणि प्रत्येक मॉडेलचा वायरिंगचा नकाशा परवडणाऱ्या दरात मिळणे वेगळे. गाड्या जितक्या संगणकावर चालतील, तितकी ही माहिती अडवणे म्हणजे लहान गॅरेजचे शटर खाली ओढणे ठरेल.

दुसरी गरज दर्जाची. २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार, सुतार, कुलूप बनवणारे आहेत; मोटार मेकॅनिक नाही. दुसरीकडे, कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्राने २०२४मध्ये जर्मनीतील ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, त्या देशात हे काम साडेतीन वर्षांचे शिक्षण घेऊन केले जाते. जर्मनीने २००३मध्येच मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे दोन व्यवसाय एकत्र केले. तिथे स्वतःचे गॅरेज काढायला साधारणपणे ‘माइस्टर’ ही वरची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे अशी सक्ती केली, तर हजारो अनुभवी मिस्त्री रस्त्यावर येतील. पण स्वेच्छेने देता येणारी, टप्प्याटप्प्याची आणि ग्राहकाला ओळखता येईल अशी श्रेणी नक्की सुरू करता येईल.

मग हा मार्ग कुणी धरावा?

अभ्यासात गती नाही म्हणून मुलाला या पेशात ढकलणे ही सर्वांत मोठी चूक ठरेल. आजच्या गाडीला वाचणारा, मोजणारा आणि विचार करणारा माणूस लागतो. ज्याला यंत्र उघडून पाहायचे कुतूहल आहे, विजेची भीती वाटत नाही आणि दर वर्षी काही नवे शिकायची तयारी आहे, त्याच्यासाठी हा पेशा अनेक कार्यालयीन नोकऱ्यांपेक्षा भरवशाचा आहे. पाने फिरवण्यापुरतेच शिकून थांबणाऱ्याला मात्र पहिल्या पाच वर्षांनंतर मजुरी वाढताना दिसणार नाही. आयटीआयच्या अर्जावर पसंती टाकण्याआधी कुटुंबाने मुलासोबत दोन-तीन गॅरेजमध्ये अर्धा दिवस घालवावा, तिथे स्कॅनर आहे का, बिल लिहून दिले जाते का आणि तिथला हेल्पर काय शिकतो आहे, हे पाहावे. तेवढ्यावरून बरेचसे उत्तर मिळेल.