दिवसाची वीज आणि पडीक जमीन

नाशिक शहरांत, इंदिरानगरासारख्या वस्तींत, वीज अहोरात्र असते. परंतु शहराची शीव ओलांडतांच कृषिपंपाच्या वाट्यास ती तास मोजून येते. जी वाहिनी अद्याप सौर झाली नाहीं तीवर पुरवठा पाळीपाळीनें कधीं दिवसा, कधीं रात्रीं होतो. आणि रात्रीच्या पाळींत कांद्यास पाणी भरणाऱ्याची विंचूकाट्याशीं व बिबट्याशीं गांठ पडते. कोळसा सोडून सूर्याकडे वळण्याची जी चर्चा जगभर हवामानाच्या दृष्टीनें चालते, ती शेतकऱ्यापुरती प्रथम या रात्रपाळीची चर्चा होय, असें आमचें मत आहे.

आपल्या शेजारीं एकलहरे येथील वीजकेंद्रांत प्रत्येकीं २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांचा कोळसा दूरच्या खाणींतून आगगाडीनें आणावा लागतो. ऊन मात्र शिवारांतच आहे, व तें नेमकें दिवसा आहे. हें ओळखून राज्य सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढिली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा सुरू केला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज शेतीच्या वाहिनीस द्यावयाची, असा तिचा आशय. दुसऱ्या टप्प्यांत खासगी जमिनीस हेक्टरीं दरसाल सव्वा लाख रुपये भाडें व त्यावर वर्षास शेंकडा ३ वाढ ठरविली आहे.

कोणी म्हणेल, बांधावर स्वतःचा सौरपंप बसविला असतां वाहिनी कशास? जेथें विजेचे खांब पोंचले नाहींत तेथें तो पंपच योग्य. परंतु पिकास पाणी नको असतें तेव्हां तो रिकामा बसतो. वाहिनीवरील प्रकल्पाची उरलेली वीज इतरांच्या कामीं येते, आणि ढगाळ दिवशीं बाहेरची वीजही तीवर घेतां येते.

याकरितां प्रत्येक गांवच्या सोसायटीनें उपकेंद्रालगतची मुरमाड, पडीक जमीन शोधून ती एकजुटीनें पुढें करावी. काळी, बागाईत जमीन मात्र एक गुंठाही देऊं नये. भाडें आज गोड वाटलें तरी करार जवळजवळ पिढीभराचा असतो. तसेंच दिवसा वीज आली म्हणून विहिरीस नवे झरे फुटत नाहींत. पाणी ठिबकनेंच द्यावें. एवढें सांभाळलें तर कोणाही शेतकऱ्यास पाण्यासाठीं रात्र जागवावी लागणार नाहीं.