मार्चच्या स्पर्धेत कोण खेळणार, हे डिसेंबरमध्येच कसं ठरतं?

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या दोन बड्या लीगचे, एसईसी आणि एसीसीचे, पुरुष संघ एका ठरलेल्या मालिकेत एकमेकांशी 16 सामने खेळले. त्यातले 14 एसईसीने जिंकले. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी 68 संघ निवडले गेले, तेव्हा एसईसीचे विक्रमी 14 संघ होते, एसीसीचे फक्त 4.

हा निव्वळ योगायोग नव्हता. जानेवारीपासून संघ मुख्यतः आपल्याच लीगमध्ये खेळतात. तिथे एक जिंकला की दुसरा हरतोच. त्यामुळे कोणती लीग भारी, हे नोव्हेंबर-डिसेंबरच्या बाहेरच्या सामन्यांतूनच कळतं.

निवड समिती 'नेट' क्रमवारीचा आधार घेते. घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधल्या संघाला हरवलं, तर तो सर्वोच्च श्रेणीतला विजय. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर मात्र पहिल्या 75 मधला संघही चालतो.

मग छोट्या कॉलेजांनी बड्यांशी खेळावं की! अडचण इथेच आहे. हे सामने बहुतांशी कॉलेजंच आपसात ठरवतात. मोठी कॉलेजं छोट्यांना पैसे देऊन आपल्याकडे बोलावतात, पण त्यांच्याकडे खेळायला जाणं टाळतात. जिंकून फारसं मिळत नाही आणि हरलं तर नाचक्की.

2025 मध्ये 31 लीगच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता. उरलेल्या 37 जागा समितीने भरल्या. वर्षभर चांगलं खेळूनही लीगच्या अंतिम सामन्यात हरलेल्या छोट्या संघाकडे समितीला दाखवायला मोठे विजय अनेकदा नसतात. कारण तशी संधीच त्याला क्वचित मिळालेली असते.