चपलेच्या आकाराचा तो जीव

नववीच्या विज्ञानाच्या वह्या नुकत्याच पाहिल्या. पॅरामेशियमची आकृती सर्वांचीच सुबक आहे. चपलेचा आकार, कडेने बारीक केस आणि खाली ‘एकपेशीय, साध्या रचनेचा जीव’. (हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू. मी हिंदी माध्यमात शिकलेली, म्हणून मुलांचा गोंधळ मला समजतो. मराठीतली पेशी ती हिंदीतली कोशिका.) माझी हरकत आहे ती ‘साध्या’ या शब्दाला.

या जिवाच्या अंगावर आणि केसांवरही मोठ्या प्रथिनांचा दाट थर असतो. अशी वेगवेगळी प्रथिने बनवणारी अनेक जनुके त्याच्याजवळ असतात, पण अंगावर सहसा एका वेळी एकच प्रथिन दिसते. पेटीत दहा अंगरखे, अंगावर एक! हे ओळखण्याची युक्ती सुंदर आहे. पॅरामेशियम सशाला टोचले की सशाच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्या रक्ताचे सीरम पाण्यात घातले की त्याच अंगरख्याचे जीव जागच्या जागी थांबतात, दुसरे खुशाल पोहत राहतात.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात ट्रेसी सॉनबॉर्न यांनी १९४० च्या दशकात यावर काम केले. जनुके तीच, अन्न आणि तापमानही तेच, तरी दोन वंश पिढ्यानपिढ्या वेगळे अंगरखे घालतात, हे कसे? पॅरिस येथे मॅक्स डेलब्रुक यांनी उत्तर सुचवले : दोन क्रिया एकमेकींना दाबून धरत असतील, तर जी आधी सुरू झाली तीच टिकेल. मूळचे ते भौतिकशास्त्रज्ञ, हे विशेष. टेट्राहायमेना हा याचा नातेवाईक तर तापमान पाहून प्रथिन बदलतो. २० अंशांखाली एक, २० ते ३६ मध्ये दुसरे, त्याहून वर तिसरे.

ज्यांच्या घरी मासे पाळलेले आहेत त्यांनी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पाहिला असेल. तोही अशाच केसाळ एकपेशीय जिवामुळे होतो. त्यातून वाचलेला मासा याच जातीच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवतो. प्रथिनांचे प्रकार अनेक, म्हणून लस करणे अवघड.

सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता, पुस्तकातून उतरवलेल्या आकृतीला पूर्ण गुण देणे मला पटत नाही. निम्मे गुण स्वतः पाहून लिहिलेल्या नोंदींना असावेत. त्यासाठी आणखी दोन सूक्ष्मदर्शक लागतील. तसा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहे. पालकांना एवढीच विनंती, मुलांनी तळ्याचे पाणी आणि वाळके गवत बाटलीत भरून ठेवले तर रागावून फेकू नका. बाटलीवर तारीख आहे ना आणि हात साबणाने धुतले ना, हे मात्र जरूर विचारा.